वेचणीच्या दिवसांतली घंटा

दिवाळी होऊन पंधरवडा उलटला की अमरावतीच्या वाटेवरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. तो बहर नसतो. कापसाच्या भरलेल्या गाड्या खेड्यांतून पेठेकडे जातात, जाता जाता काट्यांना घासतात आणि प्रत्येक काटा आपला वाटा काढून घेतो. वारा सुटला की तो कापूस उडतो. आमची शाळा या वाटेलाच लागून आहे. मग तो वर्गात येतो, दौतीत पडतो, पाटीवरच्या ओल्या अक्षरांना चिकटतो. मुलं फुंकर मारून तो एकमेकांकडे उडवतात.

हेडमास्तर म्हणून मी खरं तर रागवायला हवं. पण या दिवसांत माझ्या तोंडून रागाचा शब्द निघत नाही. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं टणक होतात आणि कापूस ओढताना नखाखाली शिरतात. टोचलेलं दिसत नाही, रक्तही फारसं येत नाही. पण भाकरी मोडताना, अंगरख्याची गाठ सोडताना ते बोट आपली आठवण करून देतं. कापसाचे दिवस आले की माझ्या मनात असंच काहीतरी ठसठसू लागतं.

त्याचं मूळ एका जुन्या हंगामात, अकोल्याला. दूर अमेरिकेत कसलीशी लढाई लागली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. आम्हाला त्या लढाईचं काही कळत नव्हतं. कळलं ते इतकंच, की आमच्या काळ्या मातीतल्या पांढऱ्या बोंडाला एकाएकी सोन्याचा मान आला. जुन्या शहरात मोरणा नदीच्या काठी जिथे दोन वखारी होत्या तिथे ओळ लागली. न्हावी हजामत करता करता भाव सांगू लागला. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी लोक शपथेवर सांगायचे. मी काही चांदीचं चाक पाहिलं नाही. पण रेच्यांचा कुरकुर आवाज मात्र दिवसभर ऐकला. घरोघर त्यांवर कापसातून सरकी काढायचं काम चाले, आणि त्या आवाजावर शाळेतली मुलं पाढे म्हणत.

आमची शाळा मास्तर घडवणारी होती. खेड्यापाड्यांतून तरणी मुलं यायची, सरकारचा वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवायची, शिकून पुढे आपल्या भागात शाळा चालवायची. मीही त्याच शाळेत शिकलो आणि सनद मिळाल्यावर तिथेच सगळ्यांत खालचा मास्तर झालो. आमच्या घरात परीक्षा देऊन पास झालेला मी पहिला माणूस. वडील दुसऱ्याचं शेत बटईनं, वाट्यानं करत. मी सनद घेऊन घरी गेलो तेव्हा त्यांनी ती उलटी धरून पाहिली आणि मग देवापाशी ठेवली. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ते आमचे हेडमास्तर. पुण्याकडचे गृहस्थ, शिस्तीचे कडक, बोलणं मोजकं. मी शिकत असताना त्यांनी मला आपल्या ओसरीवर राहायला जागा दिली, अभ्यासाला दिव्याचं तेल दिलं, थंडीत आपला जुना कोट दिला. त्या कोटाच्या बाह्या मला लांब होत. मी त्या दुमडून घालायचो आणि मनात म्हणायचो, या माणसाच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता. आगगाडीचा रस्ता नुकताच होत होता, तिथून कुणीतरी तो आणून दिला होता. अंगणातल्या कडुनिंबाला तो टांगलेला असे, आणि लोखंडी हातोड्यानं टोले द्यायचं काम सगळ्यांत धाकट्या मास्तरचं, म्हणजे माझं. हेडमास्तर घड्याळ काढून पाहत, मान हलवत, आणि मी टोले देई. तो आवाज नदीपलीकडे जायचा. मला त्याचा फार अभिमान होता. बटईदाराच्या पोरानं हातोडा उचलला की अकोल्यात दिवस सुरू होतो, असं मला वाटे.

शाळा सुटली की मास्तर मंडळी त्याच कडुनिंबाखाली बसत, आणि मग शाळेच्या कारभारावर खरी मतं निघत. दिवसा जी मतं कुणाच्या तोंडात नसत ती संध्याकाळी पानतंबाखूबरोबर बाहेर पडत. करीमुद्दीन मुनशी हे आमच्यात वयानं मोठे. ते उर्दू-फारशी शिकवत. घर जुन्या शहरात, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं साखरेत घोळलेलं. आणि तुळशीराम मास्तर दुसऱ्या नंबरचे. जातीचे कुणबी, हिशेब शिकवायचे, आणि त्यांच्या जिभेला लगाम नव्हता.

"मोठी सुटी वैशाखात," तुळशीराम म्हणायचे. "वैशाखात वावरात काय असते बाप्पा? ढेकळं! तिकडं दूर बसून कोनं ठरवलं? आमची पऱ्हाटी काय त्याइले इचारून फुटते?"

मुनशीजी हसायचे. "अरे भाई, हुक्म उपर से आता है. बारिश भी उपर से आती है. दोनों को कौन पूछता है?"

"पान्यासाठी धोंडी तरी काढता येते, मुनशीजी. हुकमाची धोंडी कोनं काढावं?"

"आप निकालिए. पानी हम डालेंगे."

असं रोज चालायचं. वजिफ्याची मुलं वेचणीच्या दिवसांत गळायची. घरी दोन हात कमी पडत म्हणून बाप येऊन घेऊन जायचा. मुलगा गैरहजर राहिला की वजिफा कापला जाई, वजिफा कापला की मुलगा कायमचा जाई. वरून विचारणा होई की मुलं का गळतात. हेडमास्तर मास्तरांना विचारत, मास्तर मुलांना ओरडत, आणि कापूस आपला फुटत राही. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

त्या वर्षी हा प्रश्न तुळशीराम मास्तरांच्या घरावरच येऊन बसला. त्यांचं शेत अकोल्याहून दोन कोसांवर. भाऊ नाही, वडील गेलेले, घरी म्हातारी आई आणि विधवा बहीण. एरवी वेचायला बाया मिळत. पण त्या वर्षी निम्मी माणसं आगगाडीच्या कामावर गेली आणि उरलेल्या बाया जो जास्त देईल त्याच्या वावरात. मास्तरांचं वावर पांढरंफेक झालं होतं. आई आणि बहीण दिवसभर वेचत आणि रात्री त्यांना वाटे, सकाळपेक्षा कापूस वाढलाच आहे. मास्तरांना आठ-दहा दिवसांची रजा हवी होती. अर्ज गेला होता. तो अकोल्याहून वऱ्हाडाबाहेर जायचा, तिथे थांबायचा, मग परत यायचा. तोवर बोंडं काही थांबणार नव्हती.

अशात तपासणीचे साहेब येणार असं कळलं. आणि हेडमास्तरांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. शाळेच्या व्यवस्थेविषयी मास्तरांचं काय मत आहे, ते साहेब स्वतः विचारणार होते. प्रत्येकाला, तोंडी.

त्या संध्याकाळी कडुनिंबाखाली लग्नघरासारखी गडबड उडाली. ठरलं असं, की मुनशीजींनी सगळ्यांच्या वतीनं बोलायचं. ते वडील, त्यांची जबान गोड, आणि साहेबांना हिंदुस्तानी समजे. मागणं एकच: लांब सुटीतले काही दिवस वैशाखातून काढून वेचणीत द्यावेत. बाकीच्यांनी त्याला दुजोरा द्यायचा. तालीमही झाली. तुळशीराम मास्तर उलट्या टोपलीवर साहेब होऊन बसले, डोक्यावर मुलांची पाटी टोपीसारखी धरली.

"वेल मुनशी, क्या मांगता?"

मुनशीजी उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हुजूर, आपके इक़बाल से मदरसे का इंतजाम बहुत उम्दा है. वक्त की पाबंदी है, किताबें हैं, छत है..."

"अहो मुनशीजी, छताच्या खाली उतरा!" साहेब झालेले तुळशीराम ओरडले. "कापूस कुठी हाये?"

"आता है, आता है. पहले सलाम, फिर कलाम. बड़ों के सामने सीधा मांगना बेअदबी है."

आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्यात कुणालाच वाटलं नाही की हे जे चाललं आहे तेच उद्या होणार आहे. आमच्याकडे मागण्याची रीतच ती. सावकाराकडे असो की पाटलाकडे, आधी त्याच्या घरादाराचं कौतुक, बैलांचं कौतुक, मग चहूकडून फिरून आपल्या दुखण्यावर यायचं. ऐकणाराही तेवढा धीर धरतो, कारण त्यालाही ती रीत ठाऊक असते.

साहेबांना ती ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही नंबरवार ओळीनं उभे राहिलो, मी सगळ्यांत शेवटी. साहेबांनी विचारलं. मुनशीजींनी छातीवर हात ठेवून सुरुवात केली: मदरसे का इंतजाम बहुत उम्दा है. वक्ताची पाबंदी झाली, किताबं झाली. छतावर येताच साहेब प्रसन्न हसले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मुनशीजींचं तोंड उघडंच राहिलं. पुढचा माणूस म्हणजे तुळशीराम मास्तर. त्यांनी मुनशीजींकडे पाहिलं. वडील माणसानं जे सांगितलं त्याच्या उलट, त्याच्याच देखत बोलायचं, म्हणजे त्यांना खोटं पाडायचं. रोज जिभेचा पट्टा फिरवणारा तो माणूस म्हणाला, "वरच्याप्रमाणे." आमच्यात तो शिरस्ताच होता, पहिल्यानं सांगितलं की बाकीच्यांनी वरच्याप्रमाणे म्हणायचं. तिसरा म्हणाला, वरच्याप्रमाणे. चौथा म्हणाला. माझ्यापर्यंत आलं तेव्हा साहेब निघायलाच झाले होते. समोर हेडमास्तर उभे होते, त्यांचाच कोट माझ्या अंगात होता. मीही तोच शब्द म्हणालो. साहेब गेले, आणि हेडमास्तरांनी मान हलवली म्हणून मी जाऊन टोले दिले.

संध्याकाळी कडुनिंबाखाली कुणी बसेना. मुनशीजी तर आजारी आहे सांगून घरीच गेले. तुळशीराम मास्तर तेवढे माझ्यापाशी आले आणि खांद्यावर थाप मारून हसले.

"काहून रे गोविंदा, तुह्या तोंडात कापूस कोंबला होता का? कोंबला असन त दे लेका, तेवढाच माह्या वावरातला येचल्यासारखा होईन."

मी म्हणालो, "मास्तर, तुम्हीच बोलायचं होतं."

"मी कसा बोलू? म्हातारा मेला असता शरमेनं." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् पोटही हाये ना बाप्पा."

पाच-सहा दिवसांनी आभाळ आलं. वऱ्हाडात वेचणीच्या दिवसांत आभाळ आलं की माणसं मोठ्यानं बोलत नाहीत. पाऊस एकच दुपार झाला, पण फुटलेला सगळा कापूस झाडावरून लोंबला आणि चिखलात पडला. मी रविवारी तुळशीराम मास्तरांच्या वावरात गेलो होतो. मास्तरांची आई चिखलातला कापूस उचलून पदरानं पुसत होती. तो पुसून स्वच्छ होत नव्हता, आणि तिला ते समजत होतं, तरी ती पुसत होती. त्या वर्षी सगळ्या वऱ्हाडाच्या घरात लक्ष्मी आली. त्या घरात तेवढी आली नाही. मास्तरांनी नोकरी सोडली. अर्जाचं उत्तर पुढे केव्हातरी आलं. रजा मंजूर होती.

त्याच दिवसांत माझी आईही वेचायला जात होती, दुसऱ्याच्या वावरात. मी घरी गेलो की ती हात पदराखाली घ्यायची. माझे हात पाहायची मात्र तिला हौस. एकदा माझी बोटं हातात घेऊन शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं, शाईचा डाग हाये, दुसरं काई नाई." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला तो सहन झाला नाही. शिकलो याचं सुख खरं, आणि ते सुख कुणाच्या तरी टोचलेल्या बोटांवर उभं आहे हेही खरं. दोन्ही एकदम कसं धरावं ते मला कोणत्याच वर्गात शिकवलं नाही.

पुढच्या वर्षी हेडमास्तरांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची पुस्तकं दोरीनं बांधत होतो. त्यांनी अचानक विचारलं, "गोविंदराव, त्या दिवशी तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत. का?"

मला त्यांनी प्रथमच गोविंदराव म्हटलं होतं. मी गाठ आवळत राहिलो.

"मास्तरांना विचारा, असं साहेबांना मीच सुचवलं होतं," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं तर माझी तक्रार झाली असती. तुम्ही सांगितलं असतं तर ते मत झालं असतं. मी समोर उभा राहून वाट पाहत होतो, कुणीतरी कापूस हा शब्द उच्चारील म्हणून."

दोरीची गाठ माझ्या हातून सुटली. आम्ही त्यांच्याकडे पाहून गप्प राहिलो होतो, आणि ते आमच्याकडे पाहून. मधे एका माणसाचं वावर भिजलं. उपकाराची जाणीव ही चांगली गोष्ट आहे, मी अजूनही तेच मानतो. पण ती जाणीव तोंडावर हात ठेवू लागली की ज्याचे उपकार त्याच्याही उपयोगी पडत नाही. हे मला तेव्हा समजलं नाही. तेव्हा मी फक्त पुन्हा गाठ बांधली.

ती लढाई संपली, भाव उतरले, चांदीची चाकं ज्या गोष्टींतून आली होती त्याच गोष्टींत परत गेली. मी अमरावतीला आलो, आणि यथाकाल माझ्या हाती घड्याळ आलं. इथेही रुळाचा तुकडाच टांगला आहे. मी मान हलवतो, शिपाई टोले देतो.

यंदा वेचणी सुरू झाली तशी मी मास्तरांना बोलावलं. सुटीची तारीख वरून ठरते ते बदललेलं नाही. तरी मी ठरवलं होतं की आपण विचारायचं. सगळे ओळीनं उभे राहिले. मी म्हणालो, "शाळेच्या व्यवस्थेविषयी कुणाला काही अडचण? मोकळेपणानं सांगा." पहिले मास्तर म्हणाले, "नाही गुरुजी, सगळं उत्तम चाललं आहे." आणि मग तो आवाज एकेका तोंडातून माझ्याकडे येऊ लागला. ठीक आहे. ठीक आहे. शेवटी नामदेव उभा होता, माझ्याच हाताखाली शिकून सनद मिळवलेला, नांदगाव पेठेकडचा मुलगा. आई आणि तो, दोघंच. तो म्हणाला, "ठीक हाये, गुरुजी." म्हणताना त्यानं हात पाठीमागे घेतले. पण त्याआधी मला त्याची बोटं दिसली होती. नखांच्या कडा फाटलेल्या, आणि त्या चिरांत खडूची पांढरी भुकटी बसलेली.

मोकळेपणानं सांगा, असं ओळीत उभं करून म्हणालो होतो मी. ज्यांनी मला घडवलं त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचलो आणि त्यांची चूकही जशीच्या तशी उचलून आणली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझा अपराध त्या ओळीच्या शेवटी उभा आहे. तो ओळीच्या समोरही उभा राहू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की नामदेव उजाडायच्या आत वावरात जातो, शाळेच्या वेळेपर्यंत वेचतो आणि मग धावत येतो. पण पहाटेचा कापूस दवानं ओला. वखारीत व्यापारी मूठ दाबून पाहतो, ओल लागली की नाक मुरडतो. बाया मिळत नाहीत. आई एकटी किती वेचणार? आणि दोन दिवसांपासून उत्तरेकडे ढग दिसत होते. मास्तरांच्या खोलीत कुणी सांगितलं की नामदेव नोकरी सोडायच्या गोष्टी करतो आहे.

रविवारी सकाळी मी त्याच्या वावरात गेलो. त्याच्या आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नामदेवाकडे घाबरून पाहिलं. हेडमास्तर वावरात येतात म्हणजे पोरानं काहीतरी केलं असणार. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या पहिल्या झाडांपाशी दहीभाताचे वाळके शिंतोडे अजून दिसत होते. वेचणी सुरू करताना आमच्याकडे बाया सीतादहीची पूजा करतात, त्याचे. मी उपरणं कमरेला बांधून त्याची ओटी केली आणि म्हणालो, "मावशी, मले कोनती पात देता?"

वेचणारे शेजारी शेजारी ओळी धरून पुढे सरकतात, त्या प्रत्येकाच्या वाट्याला पात म्हणतात. पातीवर माणसं एकमेकांकडे पाहत नाहीत. नजर बोंडावर, हात बोंडावर, आणि तोंड मोकळं. लहानपणी आईच्या पाठीमागे फिरताना मी वऱ्हाडातली सगळी भांडणं, सगळी लग्नं, सगळी गुपितं अशीच ऐकली होती. नामदेव माझ्या उजव्या हाताच्या पातीवर होता. त्याचे हात माझ्यापेक्षा भरभर चालत होते. मी काही विचारलं नाही. माझी बोटं सवय विसरली होती, दुसऱ्याच झाडाला नखाखाली टोचलं आणि मी "अगाई!" म्हणालो. त्याची आई तोंडाला पदर लावून हसली.

"गुरुजी, बोंड असं चिमटीत धरा," नामदेव म्हणाला. मग पाच-सहा झाडं गेली. "एक सांगू का? राग नका येऊ देऊ."

"सांग."

"तुमचं ते इचारनं काई खरं नाई. वळीत उभं करून कोनी बोलते का?"

"नाही बोलत. मीही नव्हतो बोललो."

तो एकदम माझ्याकडे पाहणार होता, पण पुन्हा झाडाकडे वळला. मग मात्र त्याची जीभ सुटली. मुलं कुठून किती चालत येतात, वजिफा कापल्यावर काय होतं, कोणत्या महिन्यात कोणता वर्ग रिकामा असतो, पहिल्या मास्तरांना खरं काय वाटतं आणि ते का बोलत नाहीत. मी इतकी वर्षं शाळा चालवत होतो. त्या एका पातीत मला ती दिसली.

शेवटी मी म्हणालो, "पण नामदेवा, सुटी माझ्या हातात नाही रे."

"सुटी कोन मांगते?" तो म्हणाला. "सुटी वरून येते, येऊ द्या तिले वैशाखात. घंटा त वरून नाई वाजत! दव सुकल्यावर दुपारपावतर येचू द्या, मंग वाजवा. दिवे लागनीपावतर शिकवू आमी. पोरंबी येतीन, मास्तरंबी येतीन. तास तेवढेच भरतीन."

मी ओटीतला कापूस खाली ठेवला. एवढंच होतं? रजेचा अर्ज नको, साहेबांसमोर सलाम आणि कलाम नको. अकोल्यातही एवढंच होतं. आम्ही सगळे मान वर करून हुकमाकडे पाहत राहिलो, आणि हातोडा माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळा दुपारी भरू लागली. वरून कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे, आणि त्यात मदरशाच्या छताचं कौतुक नाही. नामदेवाच्या वावरातला कापूस पाऊस येण्याआधी घरात गेला, कोरडा. मास्तरांच्या ओळी मी आता करत नाही.

पण ज्या पहिल्या सकाळी घंटा झाली नाही, ती सकाळ फार विचित्र गेली. मी अंगणात नुसता उभा होतो. वाटेवरून गाड्या चालल्या होत्या, बाभळी आपला वाटा घेत होत्या. एका गाडीवरून ओळखीचा आवाज आला.

"काय हेडमास्तर! घंटा मेली का काय तुमची?"

तुळशीराम मास्तर होते. केस सगळे पांढरे, की कापूस बसला होता, कोण जाणे. आता ते एका व्यापाऱ्याच्या गाड्यांबरोबर पेठेला येतात, हंगामात दोन-तीनदा दिसतात.

"मेली नाही, मास्तर," मी कुंपणापाशी गेलो. "वेचाले गेली. दुपारी येईन."

ते मोठ्यानं हसले. बैल थांबले. मी त्यांना सगळं सांगितलं: नामदेव, पात, दुपारची घंटा. ऐकता ऐकता त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दुपारून वाजवली," ते म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच."

"मंग तवा आपन..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मला वाटलं, ते आता तरी मला काहीतरी बोलतील. मी त्यासाठी कुंपणाला हात धरून उभा होतो. त्यांनी गाडीतून मूठभर कापूस उचलला, माझ्या हातात ठेवला, माझी चिरलेली बोटं पाहिली आणि स्वतःच ती मूठ मिटवली.

"कोरडा हाये," म्हणाले, आणि बैलांना हाक दिली.